कारखान्यात सेफ्टीचे बोर्ड लावायचेत? मग आधी फ्लेक्सवाल्याकडे जाऊ नका

फेब्रुवारी संपत आला की मला दरवर्षी तेच फोन सुरू होतात, "४ मार्चला सेफ्टी डे आहे, दहा-पंधरा चांगले मजकूर पाठवा, उद्या छापायला टाकायचेत." मग आमच्या सोलापुरातली अक्कलकोट रोड एमआयडीसी असो, चिंचोळी असो नाहीतर पूर्व भागातला घरामागचा बारा मागांचा शेड असो, सगळीकडे 'सुरक्षा प्रथम'चा तोच फ्लेक्स गेटवर लागतो आणि पुढच्या मार्चपर्यंत त्याच्याकडे कुणी बघत नाही. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून ८ जण गेले, त्यानंतर हे फोन अजून वाढले. लोकांची इच्छा खरी आहे, क्रम मात्र उलटा होतो. छपाई सगळ्यात शेवटी यायला पाहिजे आणि आपण सुरुवातच तिथून करतो. म्हणून मी ज्या क्रमाने करतो तो सगळा इथे लिहून ठेवतोय. माग, टॉवेल, गारमेंट, डाईंग, कुठल्याही युनिटला चालेल.

तयारी

काय लागेल: वही, मेजर टेप, खडू, मोबाईल, एफोर साईजचे कोरे कागद, जाड स्केचपेन, चिकटपट्टी. आणि सोबत दोन माणसं, एक जॉबर (मागांची दुरुस्ती-देखरेख करणारा) किंवा सुपरवायझर आणि एक रोज मशीनवर उभा राहणारा कामगार. मालकाने एकट्याने फिरून यादी केली तर ती अर्धीच होते, कारण मालक आला की सगळे नीट वागतात. निदान आठ दिवस हाताशी ठेवा, चार दिवसांत उरकायला गेलात तर टेस्टिंग राहून जातं.

## १. आधी फिरा, यादी करा

दिवसपाळीत एकदा आणि रात्रपाळीत एकदा असं दोनदा फिरा. रात्री ट्यूब बंद असतात, सुपरवायझर कमी असतो, कोपऱ्यात कुणीतरी झोपलेला असतो, मागच्या दाराला कुलूप असतं. दिवसा यातलं काही दिसत नाही.

फिरताना तीन रकाने करा: कुठे इजा झाली किंवा होता होता वाचली, तिथे माणूस नेमकं काय करत होता, आणि त्याने काय करायला पाहिजे होतं. तिसरा रकाना म्हणजेच पुढे तुमच्या बोर्डचा मजकूर. "सावध राहा" असं तिथे लिहू नका, ते काम नव्हे. "माग बंद कर, मगच तुटलेला धागा काढ" हे काम आहे.

"होता होता वाचली" हे विचारायला विसरू नका. धोटा (मागात आडवा धागा इकडून तिकडे नेणारा) उडून भिंतीवर आपटला आणि कुणाला लागला नाही, कांडी भरायच्या (धागा गुंडाळायच्या) मशीनच्या पट्ट्यात ओढणीचं टोक गेलं आणि ताईने ओढून काढलं, असल्या गोष्टी रजिस्टरला कधीच येत नाहीत पण चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहिती असतात. तिथे बसून विचारा.

सावधान: यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे आधी एक प्रश्न लिहा, हे बोर्डाशिवाय सुटतं का? पट्ट्यावर जाळी नाही, तर जाळी बसवा. वायर उघडी आहे, तर वायरमन बोलवा. जिना निसरडा आहे, तर पट्टी मारा. बोर्ड हा सगळ्यात दुबळा उपाय आहे, कारण तो वाचणाऱ्याच्या लक्षावर अवलंबून असतो आणि बाराव्या तासाला लक्ष कुणाचंच राहत नाही. उघड्या पट्ट्याशेजारी 'हात लावू नये' लिहून मोकळं होणं मला अजिबात पटत नाही, आणि पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे ते तुमच्याच विरोधात जातं. धोका तुम्हाला माहिती होता हे तुम्हीच भिंतीवर लिहून दिलेलं असतं.

एवढं केल्यावर चाळीस ओळींची यादी पंधरावर येते. त्या पंधरांसाठी बोर्ड.

## २. वाचणारा कोण, ते लिहून काढा

सोलापुरात हा टप्पा टाळून चालतच नाही. एकाच शेडमध्ये तेलुगू बोलणारे पद्मशाली (विणकर समाजाचे) अण्णा, कन्नड बोलणारे अक्कलकोट-इंडीकडचे, मराठी, उर्दू, आणि आता बिहार-यूपीची हिंदी बोलणारी मुलं असतात. त्यातही बोलता येणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. घरात तेलुगू बोलणारी कितीतरी माणसं इथे मराठी शाळेत शिकली, त्यांना तेलुगू लिपी वाचता येत नाही, म्हणजे त्यांच्यासाठी तेलुगू बोर्ड छापलात तर पैसे वाया. म्हणून "भाषा कुठली?" असं न विचारता "वाचता काय येतं?" असं विचारा, आणि हजेरीच्या यादीपुढेच खूण करा.

१९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या १०८ व्या कलमानेच सांगितलं होतं की नोटिशी इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, मेन गेटजवळ, स्वच्छ आणि वाचता येतील अशा ठेवायच्या. 'बहुसंख्य कामगारांना समजेल' हे तीन शब्द महत्त्वाचे. कायद्याच्या नोटिशीला दोन भाषा पुरतात, पण जीव वाचवायच्या बोर्डाला ज्यांना एकही अक्षर वाचता येत नाही त्यांच्यापासून सुरुवात करा. म्हणजे चित्र पहिलं आणि अक्षरं नंतर.

अजून एक गोष्ट. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो आणि ८ तासांच्या शिफ्टसाठी आपल्याकडची मर्यादाच ९० आहे. तिथे ओरडून सांगितलेलं ऐकू जात नाही, लोक हाताच्या खुणांवर काम करतात. म्हणून तुमच्या शेडमध्ये 'माग बंद कर', 'लाईट गेली', 'माणूस अडकला' याला आधीपासून ज्या खुणा चालतात त्याच चित्रात घ्या, नवीन काढू नका.

तपासा: पन्नास माणसांत एकही अक्षर न वाचणारी किती, आणि जवळचं अंधुक दिसणारी किती, हे दोन आकडे तुमच्या वहीत आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## ३. रंग आणि आकार बदलू नका

इथे डिझायनरला मोकळीक द्यायची नाही. ठरलेली पद्धत आहे:

- लाल गोल, आत तिरपी रेघ: हे करायचं नाही.
- पिवळा त्रिकोण, काळी कड: धोका आहे, लक्ष दे.
- निळा गोल, आत पांढरं चित्र: हे केलंच पाहिजे, जसं की गॉगल, मास्क, इअरप्लग.
- हिरवा चौकोन: बाहेर जायची वाट, प्रथमोपचार.
- लाल चौकोन: आग विझवायचं साहित्य.

नेहमीची चूक म्हणजे कंपनीचा लोगो निळा म्हणून सगळे बोर्ड निळे, किंवा 'उठून दिसेल' म्हणून सगळेच लाल. सगळं लाल केलं की डोळा कशावरच थांबत नाही. आणि आकार का जपायचा, तर काहींना लाल-हिरवा फरक दिसत नाही, त्यांना गोल-त्रिकोणावरूनच कळतं.

## ४. एक बोर्ड, एक काम

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका फ्लेक्सवर २० नियम छापलेले मी किती ठिकाणी पाहिलेत, ते नोटीस म्हणून गेटवर ठीक आहेत, पण मागाजवळ उभा माणूस दोन सेकंद बघतो आणि दोन सेकंदांत एकच गोष्ट डोक्यात जाते.

मजकूर कसा लिहायचा:

"यंत्र कार्यान्वित असताना स्वच्छता करण्यास सक्त मनाई आहे" असं नको. "माग चालू असताना रुई काढू नको. आधी बंद कर." असं लिहा, घरचं मोठं माणूस सांगेल तसं. "कर" लिहायचं की "करा", यावर वाद होतो. माझं मत असं की शेडमध्ये जसं बोलतात तसं लिहा, पण बायका जास्त असतील तिथे "करा"च लिहा, तिथे "कर" उद्धट वाटतं.

'नको'च्या आधी 'काय करायचं' ते सांगा. नुसतं "तंबाखू खाऊ नये, थुंकू नये" लिहिलं आणि थुंकायची जागाच नाही, तर माणूस मागाखालीच थुंकणार. आधी पिकदाणी ठेवा, तिच्यावर बाण काढा, मग मनाईचा बोर्ड. आणि कोपऱ्यात देवाच्या फोटोच्या फरश्या बसवू नका. तिथे थुंकणं थांबतं पण शेजारी सुरू होतं आणि वर कुणाच्या तरी भावना दुखावतात.

चित्राचं सांगायचं तर, इंटरनेटवरचा पिवळं हेल्मेट घातलेला परदेशी माणूस घेऊ नका, मागाच्या शेडमध्ये हेल्मेट कोण घालतं. तुमच्याच शेडमध्ये, तुमच्याच मागावर, तुमच्याच माणसाला बरोबर पद्धत करायला लावून मोबाईलवर फोटो काढा, त्याची परवानगी घ्या, मागचा पसारा पांढरा करून घ्या. आपल्या अण्णाचा फोटो दिसला की लोक थांबून बघतात. पण चुकीचं करतानाच्या फोटोत कुणाचा चेहरा दाखवू नका, तिथे रेखाचित्र काढून घ्या, नाहीतर तो माणूस वर्षभर बोलणी खातो.

सावधान: दोन-तीन चित्रांची ओळ असेल, आधी हे मग ते, तर प्रत्येक चित्रावर मोठा आकडा टाका, १, २, ३. उर्दू वाचणारा माणूस उजवीकडून बघायला लागतो, आणि न शिकलेल्या माणसाला तर कुठून सुरू करायचं याची सवयच नसते. एका युनिटमध्ये 'आधी-नंतर'चं चित्र तीन जणांनी उलटं वाचलेलं मी स्वतः पाहिलंय. उलटं वाचलं की अर्थही उलटाच होतो. जमलं तर चित्रं वरून खाली लावा.

## ५. अक्षर किती मोठं, मटेरियल कुठलं

२५ फुटांवरून वाचायचं तर अक्षर निदान १ इंच उंच, हा हिशोब चालत आलाय, पण तो इंग्रजी कॅपिटल अक्षरांचा आहे. आपल्याकडे वेलांटी, उकार, जोडाक्षरं एकमेकांत घुसतात म्हणून मी २५ फुटांना दीड इंच धरतो. साधा जाड फॉन्ट घ्या, लग्नपत्रिकेचे वळणदार फॉन्ट नकोत, आणि अक्षराला सावली, किनार, ग्रेडियंट काही नको.

मटेरियल जागेप्रमाणे घ्या. मागाच्या शेडमध्ये सनबोर्डवर (हलक्या फोमच्या शीटवर) मॅट विनाईल चालतं. चकचकीत लॅमिनेशन केलं तर वरच्या ट्यूबचा उजेड त्यावर पडतो आणि नेमकं मधलं अक्षर दिसत नाही. डाईंग आणि बॉयलरकडे वाफेने विनाईल सुटतं, तिथे पत्र्यावर ऑईलपेंट किंवा भिंतीवर पेंटरकडून रंगवून घ्या, पाच वर्षं बघावं लागत नाही. फ्लेक्स आत लावूच नका, तो जळतो आणि त्याच्यामागे रुई साठते. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्या टेपच्या घेतल्या तर बीमची (ताण्याचा धागा गुंडाळलेल्या रुळाची) ट्रॉली आठवड्यात उपटून टाकते, तिथे फ्लोअरपेंटच पाहिजे.

## ६. छापायच्या आधी कागदावर टेस्ट

एफोर कागदावर स्केचपेनने काढा, हवं तर प्रिंट काढा, आणि खऱ्या जागी चिकटपट्टीने लावा. मग वेगवेगळ्या भाषेच्या पाच जणांना एकेक करून आणा, त्यात एक वाचता न येणारा आणि एक नवीन लागलेला पाहिजे. काही समजावून न सांगता फक्त विचारा, "इथे काय करायचं सांगितलंय?"

"कळलं का?" असं विचारू नका. त्यावर सगळे हो म्हणतात, मालकासमोर नाही कोण म्हणणार. त्याला करून दाखवायला लावा.

पाचपैकी चौघांनी बरोबर सांगितलं तर छापा. तिघांनीच सांगितलं तर चित्र बदला, मजकूर वाढवू नका. कुणी अगदी उलटा अर्थ काढला असेल, मग तो एकटा का असेना, तो कागद फाडा आणि नवीन काढा.

तपासा: भाषांतर मोबाईलवरून केलंय का? केलं असेल तर तेलुगू, कन्नड, उर्दू तिन्ही त्या भाषेच्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. आणि छापून आल्यावर परत वाचा, फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसला की जोडाक्षरं तुटून येतात.

## ७. लावायची जागा

बोर्ड धोक्यावर नाही, धोक्याच्या दोन पावलं आधी पाहिजे. इअरप्लगचा बोर्ड शेडच्या आत लावून काय उपयोग, तो दाराबाहेर, इअरप्लगच्या डब्याच्या वर लावा, म्हणजे बघितलं की हात तिथेच जातो. गॉगलचंही तसंच. वस्तू आणि बोर्ड एकाच जागी नसले तर लोक परत मागे जात नाहीत.

साधारण उंची ५ ते साडेपाच फूट. तीन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत.

*अग्निशामक सिलिंडर.* त्याची खूण ७ फुटांवर आणि भिंतीतून बाहेर आलेली, दोन्ही बाजूंनी दिसेल अशी लावा. टॉवेलच्या गाठी एकदा रचल्या की सिलिंडर दिसत नाही, खूण तरी दिसली पाहिजे. त्याच्यासमोर जमिनीवर ३ फूट चौकोन रंगवून घ्या, तिथे गाठ ठेवायची नाही. वापरायची चार चित्रं शेजारी: पिन ओढ, नळी आगीच्या बुडाशी धर, दांडा दाब, डावीकडे-उजवीकडे फिरव. आणि पॅनलची, वायरिंगची आग असेल तर पाणी नाही, हे लाल गोलात वेगळं.

*बाहेरची वाट.* अंधारात चमकणारे हिरवे बोर्ड घ्या, कारण आग लागली की लाईट पहिली जाते. धूर वर साठतो म्हणून दारावर एक आणि वाटेत गुडघ्याच्या उंचीवर बाण, असे दोन्ही पाहिजेत. बाण लावताना एकाने दारातून उलटं चालत आत या आणि प्रत्येक वळणावर बाण दिसतो का बघा. एका ठिकाणी दार बुजवून गोडाऊन केलेलं आणि बाण मात्र भिंतीकडेच दाखवत होता, तीन वर्षं. नसलेल्या बोर्डापेक्षा हा बाण जास्त वाईट, कारण धुरात माणूस विश्वासाने तिकडेच जाणार.

सावधान: ज्या दाराला शिफ्टमध्ये कुलूप असतं त्याच्यावर हिरवा बोर्ड लावू नका. कुलूप काढा, मग लावा. चोरी होते म्हणून कुलूप लावतो असं म्हणतात, तर आतून ढकलल्यावर उघडणारा दांडा मिळतो, तो बसवा.

*इलेक्ट्रिक पॅनल.* ४४० व्होल्टचा कवटी-हाडांचा बोर्ड मराठीतही पाहिजे. आणि शेजारी विजेच्या धक्क्याच्या प्रथमोपचाराचा तक्ता असतो ना, तो आत्ता जाऊन बघा. कित्येक ठिकाणी अजून जुना तक्ता आहे, ज्यात माणसाला पालथं झोपवून पाठ दाबताना दाखवलंय. तो काढून टाका. आता शिकवतात ते असं: आधी मेन स्विच बंद, माणूस प्रतिसाद देत नाही आणि श्वास नीट नाही तर १०८ ला फोन, उताणं झोपवून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाब, शिकलेला माणूस असेल तर ३० दाबांनंतर २ श्वास. नुसता तक्ता लावून कुणाला हे जमत नाही, प्रत्येक पाळीतल्या दोघांना ट्रेनिंग द्या आणि त्यांचे फोटो-नावं त्याच तक्त्याखाली लावा.

## ८. तब्येतीचे बोर्ड वेगळे ठेवा

धोक्याच्या बोर्डांत यांची सरमिसळ करू नका. हे बोर्ड निवांत बघायचे असतात, म्हणून जेवायच्या जागी, पाण्याजवळ, संडासात.

सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे ४० च्या वर, कधी ४३-४४, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. सगळ्यात उपयोगी तक्ता मला मिळाला तो लघवीच्या रंगाचा, फिकटापासून गडद पिवळ्यापर्यंत पाच पट्ट्या आणि गडदपुढे "आत्ता पाणी पी". तो मुतारीत डोळ्यासमोर लावा, पुरुष-बायका दोन्हीकडे. पाण्याच्या जागी ओआरएसची पाकिटं ठेवा आणि वर कृती लावा. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. 'सपाट' हा शब्द मोठा छापा, मीठ जास्त पडलं तर त्रास होतो. शुगर-बीपीवाल्यांनी डॉक्टरांना विचारावं ही ओळही टाका. त्याखाली लाल पट्टीत: माणूस बरळायला लागला, अंग तापलं, पडला, तर सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला, १०८ लावा, बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका.

गारमेंटमध्ये शिलाईवर बसणाऱ्या ताईंची मान, मनगट आणि कंबर जाते. त्यांच्यासाठी चार स्ट्रेचिंगची चित्रं समोरच्या भिंतीवर, पाठीमागे नाही. पण नुसत्या चित्राने कुणी उठत नाही, पीस-रेटवर काम आहे, मिनिट गेलं की पैसे गेले. चहाची घंटा पाच मिनिटं आधी वाजवा आणि सुपरवायझरने स्वतः उभं राहून करावं. हे मान्य नसेल तर ते पोस्टर छापू नका.

आणि आता नाजूक भाग. टेन्शन, झोप न येणं, दारू, घरचा त्रास, यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६. हा नंबर कॅन्टीनच्या भिंतीवर लावला तर कुणीही सगळ्यांसमोर लिहून घेणार नाही. तो संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, तिथे माणूस एकटा असतो. बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समितीचा आदेश आणि शिक्षेची माहिती २०१३ च्या कायद्याप्रमाणे दर्शनी भागात लावावीच लागते, ती लावा, पण समितीच्या बाईंचा नंबर लेडीज टॉयलेटच्या आतही लावा.

## ९. लावल्यानंतर

लावायच्या दिवशी प्रत्येक बोर्डासमोर त्या-त्या खात्यातल्या लोकांना उभं करा आणि दोन मिनिटं सांगा, शक्यतो ज्याचा फोटो आहे त्यालाच सांगायला लावा. नवीन माणूस कामावर आला की पहिल्या दिवशी हीच फेरी. सुपरवायझर स्वतः इअरप्लग न घालता त्या बोर्डाखालून गेला तर दुसऱ्या दिवसापासून कुणीच घालत नाही, हे मी प्रत्येक युनिटमध्ये बघितलंय.

एक रजिस्टर करा: बोर्ड नंबर, जागा, लावल्याची तारीख, पुसणाऱ्याचं नाव. सोमवारी रुई झटकायची, महिन्याने फाटला-उडाला बघायचं. मशीन हललं, दार बदललं, गोडाऊन सरकलं की त्याच दिवशी बाण आणि पट्ट्या बदलायच्या. फोन नंबर दर तीन महिन्यांनी स्वतः लावून बघा, सोडून गेलेल्या माणसाचा नंबर भिंतीवर तसाच असतो.

तीन महिन्यांनी पहिल्या टप्प्याची वही काढा आणि तीच फेरी परत मारा, दिवसा एकदा, रात्री एकदा. ज्या बोर्डाखाली तीच चूक अजून चालू आहे तो काढा. तिथे जाळी, कुलूप, स्विच, जागा, काहीतरी बदलायला पाहिजे, त्याची नोंद मालकाच्या टेबलावर ठेवा. आणि रात्रीच्या फेरीत एकदा सगळ्यांना आधी सांगून, माग बंद करून, मेन लाईट पाडा आणि नुसत्या हिरव्या बाणांवर दारापर्यंत जाता येतं का ते चालून बघा.